स्पष्ट आणि धूसर : निसर्गछायाचित्रणातील ऑर्टन तंत्र आणि वैदर्भी मार्गाची कसोटी

प्रास्ताविक

छायाचित्र ही यंत्राच्या साहाय्याने घडणारी कलाकृती असल्यामुळे तिच्याविषयीची चर्चा बहुधा तंत्रापाशी सुरू होते आणि तंत्रापाशीच संपते. कोणता कॅमेरा, कोणती लेन्स, किती उजेड, या प्रश्नांची उत्तरे मिळाली की छायाचित्राचे रसग्रहण पूर्ण झाले असे समजले जाते. कविता, कादंबरी, नाटक यांच्या समीक्षेसाठी मराठीत परिभाषा घडली; चित्रकलेसाठीही काही प्रमाणात घडली; छायाचित्राच्या वाट्याला मात्र 'सुंदर', 'अप्रतिम', 'स्वप्नवत' अशी मोजकी विशेषणेच आली. यांपैकी 'स्वप्नवत' हे विशेषण निसर्गछायाचित्रांच्या बाबतीत विशेष प्रचलित आहे. त्यामागे अनेकदा एक निश्चित तंत्र असते. एकाच दृश्याची एक स्पष्ट आणि एक धूसर अशी दोन चित्रे घेऊन ती परस्परांत मिसळणे, हे ते तंत्र होय. कॅनडातील छायाचित्रकार मायकेल ऑर्टन यांनी १९८०च्या दशकात ते रूढ केले आणि त्यांच्याच नावाने ते आज ओळखले जाते.

प्रस्तुत निबंधात या तंत्राचे स्वरूप, त्याची पूर्वपीठिका आणि त्याच्या मूल्यमापनाचा निकष यांचा विचार केला आहे. हा विचार वऱ्हाडच्या, विशेषतः वाशिम जिल्ह्यातील मालेगाव परिसराच्या भूदृश्याच्या संदर्भात मांडला आहे. त्यामागे दोन कारणे आहेत. पहिले असे की, ओल्या, हिरव्या, धुक्याने भरलेल्या प्रदेशांत शोभून दिसणारे तंत्र काळ्या मातीच्या आणि कडक उन्हाच्या प्रदेशात जसेच्या तसे लागू पडते का, हे तपासणे आवश्यक आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ज्या भूमीच्या नावाने संस्कृत साहित्यशास्त्रातील एक श्रेष्ठ रचनामार्ग ओळखला गेला, त्या भूमीच्या चित्रांचे मोल ठरविण्यासाठी त्या मार्गाच्या गुणांचा काही उपयोग होतो का, हा प्रश्न येथील अभ्यासकांनीच विचारावयाचा आहे.

१. तंत्राचे स्वरूप

ऑर्टन यांची मूळ पद्धती स्लाइड फिल्मवर आधारलेली होती. कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवून एकाच दृश्याच्या दोन स्लाइड घ्यावयाच्या. पहिलीत लेन्सचे छिद्र लहान ठेवून सर्व तपशील स्पष्ट टिपावयाचा. दुसरीत फोकस मुद्दाम हलवून सर्व आकार विरघळू द्यावयाचे. नंतर या दोन्ही स्लाइड एकमेकींवर ठेवून एकाच चौकटीत बसवावयाच्या. प्रकाश आधी एका स्लाइडमधून व मग दुसरीतून जात असल्याने चित्र काळवंडते. पहिल्या स्लाइडमधून निम्मा आणि दुसरीमधून निम्मा प्रकाश जात असेल, तर दोहोंतून मिळून केवळ एक चतुर्थांश प्रकाश बाहेर येतो. म्हणून दोन्ही स्लाइड नेहमीपेक्षा अधिक एक्स्पोजर देऊन, फिकट घ्याव्या लागतात. या सर्व प्रक्रियेअंती जे चित्र हाती येते त्यात कडा स्पष्ट असतात, परंतु त्या कडांभोवती रंग आणि उजेड पसरलेला असतो.

संगणकावर हेच काम अधिक सोपे झाले. एकाच चित्राची प्रत काढावयाची, तिला 'गाउशियन ब्लर' देऊन धूसर करावयाचे आणि मूळ चित्रावर 'मल्टिप्लाय' किंवा 'स्क्रीन' या पद्धतीने कमी-अधिक प्रमाणात मिसळावयाचे. येथे एक तांत्रिक भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे, कारण पुढील सौंदर्यविचार त्याच्यावर अवलंबून आहे. 'मल्टिप्लाय' पद्धती दोन स्लाइड एकमेकींवर ठेवण्यासारखी असते. तीत काळोख बाहेर पसरतो; ओल्या कागदावर शाई फुटावी तसे गडद आकार लगतच्या उजळ भागात उतरतात. 'स्क्रीन' पद्धतीत याच्या उलट घडते. तीत उजेड बाहेर पसरतो आणि गडद आकारांच्या कडा खातो. एकाच फिल्मवर दोनदा एक्स्पोजर देण्याची जुनी पद्धतीही उजेडाची बेरीज करणारी असल्यामुळे या दुसऱ्या प्रकाराला जवळची आहे. तिच्यात प्रत्येक वेळी उजेड कमी करावा लागतो.

तात्पर्य, 'स्वप्नवत' परिणाम हा एकच परिणाम नाही. काळोख पसरविणारे स्वप्न वेगळे आणि उजेड पसरविणारे स्वप्न वेगळे. कोणत्या दृश्याला यांपैकी कोणते मानवेल, हा निर्णय तंत्र घेत नाही. तो छायाचित्रकाराच्या जाणिवेचा भाग असतो आणि म्हणूनच तो समीक्षेचाही विषय ठरतो.

२. पूर्वपीठिका

दोन चित्रांतून एक चित्र घडविण्याची कल्पना ऑर्टन यांच्यापेक्षा सुमारे सव्वाशे वर्षांनी जुनी आहे. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५०च्या दशकात समुद्राची काही दृश्ये आकाश आणि पाणी यांच्या वेगवेगळ्या निगेटिव्ह जोडून तयार केली. त्या काळच्या रसायनांना एकाच वेळी उजळ आकाश आणि गडद पाणी पकडता येत नव्हते, ही त्यामागची व्यावहारिक निकड होती. इंग्लंडमध्ये हेन्री पीच रॉबिन्सन यांनी १८५८ साली 'फेडिंग अवे' हे मरणोन्मुख तरुणीचे चित्र पाच निगेटिव्हांतून रचले. एका खऱ्या क्षणाचे भासणारे दृश्य प्रत्यक्षात जुळविलेले आहे, यावरून त्या वेळी वादंग झाले.

धूसरतेचा वाद यानंतर आला. पीटर हेन्री इमर्सन यांनी १८८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, मानवी डोळा दृश्याचा एकच भाग स्पष्ट पाहतो आणि उर्वरित भाग मृदू होत जातो. तेव्हा छायाचित्रानेही तसेच असावे. मात्र ही मृदुता वस्तूची घडणच नाहीशी होईल इतकी वाढू नये, असा इशाराही त्यांनी दिला होता. पुढे अल्पावधीतच इमर्सन यांनी स्वतःचे कलाविषयक प्रतिपादन जाहीरपणे मागे घेतले. त्यांचा इशारा मात्र आजही निकाली निघालेला नाही. १९३२ साली अमेरिकेत ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन प्रभृतींनी 'एफ ६४' या नावाने गट स्थापन केला आणि धूसरतेच्या विरोधात संपूर्ण स्पष्टतेचा पुरस्कार केला. परंतु स्पष्टता म्हणजे सत्य, असेही म्हणता येत नाही. ॲडम्स यांनी १९४१ साली टिपलेल्या हर्नांडेझ येथील चंद्रोदयाच्या चित्राच्या पुढील काळातील मुद्रितांत आकाश उत्तरोत्तर अधिक काळे होत गेले. ते काळे आकाश काळोख्या खोलीत घडविलेले होते. म्हणजेच स्पष्टतेलाही स्वतःचे स्वप्न असते.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध लवकर आला. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातील अग्रणी भारतीय छायाचित्रकारांपैकी एक होते. मुंबईचे पारशी छायाचित्रकार शापूर भेदवार यांच्या चित्रसदृश रचनांना १८९०च्या दशकात लंडनच्या प्रदर्शनांत मान मिळाला. परंतु दोन एक्स्पोजरांच्या मिश्रणाला मराठी मनाशी खऱ्या अर्थाने जोडले ते दादासाहेब फाळके यांनी. छायाचित्रकार म्हणून घडलेल्या फाळके यांनी 'लंकादहन' (१९१७), 'श्रीकृष्णजन्म' (१९१८) आणि 'कालियामर्दन' (१९१९) या चित्रपटांत दुहेरी एक्स्पोजरसारख्या युक्त्या वापरून चमत्काराला पडद्यावर आणले. फाळके यांची दृष्टी येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यांच्या पडद्यावरील घर, नदी, झाड, माणसे ही ओळखीची असतात आणि त्या ओळखीच्या जगात अलौकिक अवतरते. ओळखीचे जगच जर विरघळले असते, तर चमत्कार कोठे घडला हे प्रेक्षकाला कळले नसते आणि त्याला चमत्कार वाटलाही नसता.

३. दंडीची कसोटी

वाशिमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह विदर्भातील याच वत्सगुल्म नगरात झाल्याची कथा सांगितली आहे. 'कर्पूरमंजरी'त त्याने उल्लेखिलेली 'वच्छोमी' ही रीती याच नगराच्या नावावरून आलेली आहे. अर्थात वैदर्भी ही केवळ विदर्भातील कवींची रीती नव्हे. प्रदेशाचे नाव पुढे रचनेच्या एका आदर्शाचे नाव झाले. या आदर्शाचे सर्वांत नेमके विवेचन दंडीच्या 'काव्यादर्शा'च्या पहिल्या परिच्छेदात आढळते. वैदर्भ मार्गाचे प्राण म्हणून दंडी दहा गुण सांगतो. त्यांपैकी चार गुण प्रस्तुत विषयाशी थेट भिडतात.

पहिला गुण सुकुमारता. रचनेत बहुतांशी कठोर नसलेली अक्षरे असावीत, असे दंडी म्हणतो. परंतु लगेच बजावतो की, सर्वच कोमल झाले तर बंध शिथिल होण्याचा दोष उत्पन्न होतो. दुसरा गुण अर्थव्यक्ती. अर्थ कळण्यासाठी बाहेरून काही आणून जोडावे लागू नये, तो रचनेतच असावा. तिसरा गुण कांती. लोकव्यवहारातील अर्थाचे उल्लंघन न केल्यामुळे जे सर्वांना रमणीय वाटते ते कांत. याचा विपर्यय म्हणजे अत्युक्ती. चौथा गुण समाधी. एका वस्तूचा धर्म दुसऱ्या वस्तूवर लोकमर्यादा सांभाळून ठेवणे म्हणजे समाधी, आणि यालाच दंडी काव्याचे सर्वस्व मानतो.

शब्दकलेचे गुण दृश्यकलेला लावणे कितपत योग्य, असा आक्षेप येथे घेतला जाईल आणि तो रास्तही आहे. अक्षर आणि प्रकाश यांचे माध्यमधर्म भिन्न आहेत. तथापि येथे साधर्म्य माध्यमांचे नाही, रचनेच्या समस्येचे आहे. कठोर आणि कोमल यांचे प्रमाण कसे राखावे, हाच प्रश्न दंडीपुढे होता आणि हाच प्रश्न स्पष्ट व धूसर चित्रे मिसळणाऱ्यापुढे असतो. ऑर्टन तंत्र या दृष्टीने पाहिले तर ते 'समाधी'चे तंत्र आहे. स्वप्नाचा धर्म ते भूमीवर ठेवते. ते असत्य आहे म्हणून त्याज्य, ही भूमिका त्यामुळे टिकत नाही. कारण मग उपमा-रूपकादी सर्वच अलंकार त्याज्य ठरतील. परंतु समाधीला लोकसीमेची अट आहे. धूसर चित्राचे प्रमाण इतके वाढले की स्पष्ट चित्रातील वस्तू, ऋतू आणि स्थळ ओळखू येईनासे झाले, तर बंध शिथिल होतो, अर्थव्यक्ती जाते आणि कांतीची अत्युक्ती होते. इमर्सन यांचा वस्तूची घडण न मोडण्याचा इशारा आणि दंडीचा सर्वकोमलतेविषयीचा इशारा हे दोन्ही, दूरच्या काळांत आणि दूरच्या देशांत दिलेले असूनही, एकाच धोक्याकडे बोट दाखवितात.

आधुनिक मराठी सौंदर्यशास्त्रातही या विचाराला आधार मिळतो. रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन भूमिकांची चर्चा करून सौंदर्याची संकल्पना द्विध्रुवात्मक असल्याचे दाखवून दिले. ऑर्टन तंत्रात हे दोन्ही ध्रुव अक्षरशः दोन थरांच्या रूपाने समोर येतात. स्पष्ट थर लौकिकाशी, म्हणजे विशिष्ट स्थळाशी व क्षणाशी, बांधलेला असतो. धूसर थर त्या बंधनातून सुटू पाहतो. चित्राची सार्थकता या दोहोंच्या ताणात असते. एक थर दुसऱ्याला गिळून टाकतो तेव्हा ताण संपतो आणि चित्रही संपते.

४. वऱ्हाडचे भूदृश्य : तीन उदाहरणे

हा निकष प्रत्यक्ष भूदृश्यावर घासून पाहिला पाहिजे. त्यासाठी पुढील तीन उदाहरणे घेतली आहेत.

(अ) साग आणि काळी माती. मालेगावहून पातूरकडे जाताना मेडशी परिसरात सागाचे पानझडी जंगल लागते. उन्हाळ्यात येथील साग निष्पर्ण असतो. बारीक फांद्यांची जाळी पांढुरक्या आकाशावर उमटलेली असते आणि मधूनच पळस पेटलेला असतो. या दृश्यावर 'स्क्रीन' पद्धतीने धूसर थर चढविला तर आकाशाचा उजेड फांद्यांच्या कडा खातो आणि जाळीच नाहीशी होते. 'मल्टिप्लाय' पद्धती वापरली तर फांद्या जाड होऊन पानांनी भरल्यासारखा भास होतो. दोन्ही वेळा सागाचे निष्पर्ण असणे, हा त्या दृश्याचा मुख्य अर्थच हरवतो. काळ्या मातीचेही तसेच. बेसाल्टापासून बनलेली ही माती प्रकाश फार कमी परत पाठविते. मे महिन्यात तिला पडणाऱ्या भेगा ही तिची लिपी असते. काळोख पसरविणारा थर या भेगा बुजवून टाकतो आणि शिवाराचा एक सपाट गडद पट्टा उरतो. याउलट फुललेल्या पळसावर, फुलांपुरताच आणि अल्प प्रमाणात दिलेला धूसर थर रंगाला उष्णता देतो; पळस उन्हात खरोखरच तसा जाणवतो. तेथे समाधी साधते, कारण लोकसीमा ओलांडली जात नाही. तंत्र तेच, प्रदेशही तोच. निर्णय मात्र वस्तुगणिक वेगळा घ्यावा लागतो.

(आ) धुवारी. कार्तिक-मार्गशीर्षात, तूर फुलोऱ्यावर असताना, पहाटे शिवारावर दाट धुके उतरते. वऱ्हाडात त्याला 'धुवारी' म्हणतात. छायाचित्रकाराच्या दृष्टीने हा वर्षातील सर्वांत मोहक काळ. सोयाबीन निघून गेलेल्या मोकळ्या पट्ट्यांमधून तुरीची तासे उभी असतात, त्यांच्यावर दव असते आणि सूर्य तांबूस गोळ्यासारखा वर येतो. निसर्गानेच येथे धूसर थर चढविलेला असतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र धुवारी म्हणजे फुलगळ. ढगाळ हवा आणि धुके चार दिवस टिकले तर तुरीचा फुलोरा जमिनीवर येतो आणि वर्षाचे गणित बिघडते. सोयाबीनच्या हंगामात हात आखडलेल्या घराची भिस्त तुरीवरच असते. तेव्हा एकाच धूसरतेचे दोन अर्थ आहेत, एक डोळ्याचा आणि एक पोटाचा.

यावरून धुवारीचे चित्र घेऊच नये, असा निष्कर्ष काढणे बाळबोध ठरेल. दुःखाचे दृश्य सुंदर असू नये असा नियम कोणत्याही कलेने मानलेला नाही. करुणरस हा रसच आहे. प्रश्न अर्थव्यक्तीचा आहे. धुवारीने आधीच मृदू झालेल्या दृश्यावर संगणकातला आणखी एक थर चढविला की तुरीचे तूर असणे संपते; उरतात ते कोणत्याही देशातील, कोणत्याही ऋतूतील सोनेरी ठिपके. याउलट स्पष्ट थरात तुरीचे तास, पानाची ठेवण आणि बुडाशी पडलेली पिवळी फुले शाबूत राहिली, तर तेच चित्र मोहही निर्माण करते आणि मोहाची किंमतही सांगते. पाहणाऱ्याला प्रथम स्वप्न दिसते आणि मग त्या स्वप्नाखाली गळलेली फुले दिसतात. या क्रमात चित्राचा अर्थ आहे, आणि हा क्रम केवळ स्पष्ट थरच राखू शकतो.

येथे आणखी एक मोह नोंदविणे आवश्यक आहे. धूसरतेच्या आश्रयाने विजेचे खांब, ठिबकच्या नळ्या, शेतातील पत्र्याची खोली किंवा दूरवर दिसणारा समृद्धी महामार्गाचा भराव अशा 'कुरूप' गोष्टी सहज लपविता येतात. २०२२ साली नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाल्यापासून हा महामार्ग मालेगाव तालुक्याच्या भूदृश्याचा भाग झाला आहे. तो पुसून काढलेले 'निर्मळ खेडे' हे वऱ्हाडातील खेडे नसते. ते शहराने स्वतःच्या सोयीसाठी जपलेले खेडे असते.

(इ) लोणार. मालेगावच्या नैऋत्येस, शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात, उल्कापाताने बेसाल्टात घडलेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे लोणार विवर आहे. रॉबर्ट गिल यांनी १८६०च्या दशकात लोणारच्या मंदिरांची छायाचित्रे घेतली. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या गिल यांनी रंगविलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाल्या, हे येथे आठवण्यासारखे आहे. छायाचित्राच्या स्पष्टतेला नोंदीचे मूल्य असते ते अशाच प्रसंगी कळते.

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. लँडसॅट ८ उपग्रहाच्या मे आणि जून महिन्यांतील प्रतिमा शेजारी शेजारी ठेवून हा बदल जगाने पाहिला. पाणी कमी होऊन क्षारता वाढल्यामुळे वाढलेल्या, रंगद्रव्ये निर्माण करणाऱ्या 'हॅलोआर्किया' या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचा निष्कर्ष पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढला. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. या घटनेत निसर्गानेच 'स्वप्नवत' रंग निर्माण केला होता. अशा वेळी छायाचित्राचे पहिले मोल साक्षीचे असते. रंग खरोखर किती गुलाबी होता, तो काठाशी होता की मध्यभागी, पाणी किती मागे हटले होते, हे सांगण्याची जबाबदारी चित्रावर असते. मिश्रणाची, रंग गहिरे करण्याची सवय सर्वत्र रुळली की खऱ्या आश्चर्यावरही विश्वास ठेवणे अवघड होते. अत्युक्तीचा हा सर्वांत मोठा तोटा आहे. ती एका चित्रापुरती थांबत नाही. चित्र या साधनावरील लोकांचा भरवसाच ती खर्च करून टाकते.

५. अध्यापन आणि स्पर्धा

हा प्रश्न महाविद्यालयीन अध्यापकांच्या दैनंदिन कामाशीही निगडित आहे. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या युवा महोत्सवातील 'स्पॉट फोटोग्राफी' या स्पर्धेच्या नियमांत छायाचित्रांचे मिश्रण, जुळवाजुळव आणि रूपांतर यांस मनाई आहे. स्पर्धकाने दिलेल्या वेळेत, दिलेल्या विषयावर स्वतःच्या डोळ्याने काय पाहिले, याची पारख करावयाची असल्याने हा नियम योग्यच आहे. परंतु स्पर्धेचा नियम हा कलेचा निकष समजला जाऊ लागला की गोंधळ होतो. एकीकडे मिश्रण म्हणजे लबाडी, असे विद्यार्थ्याला वाटू लागते. दुसरीकडे स्पर्धेबाहेर पडताच तो मोबाइलमधील तयार फिल्टर कोणताही विचार न करता वापरतो. पहिल्या ठिकाणी तंत्र निषिद्ध, दुसऱ्या ठिकाणी तंत्र निरंकुश. विवेक मात्र दोन्हीकडे शिकविला जात नाही.

विवेक शिकविण्याचा मार्ग फारसा खर्चिक नाही. विद्यार्थ्याकडून एकाच दृश्याची तीन रूपे मागवावीत : केवळ स्पष्ट, केवळ धूसर आणि दोहोंचे मिश्रण. नंतर मिश्रणाकडे पाहून चार प्रश्न विचारावेत. स्थळ ओळखू येते का? ऋतू कळतो का? जी वस्तू दृश्याचा आशय आहे तिची घडण शाबूत आहे का? आणि धूसर थर काढून टाकला तर चित्रातून नेमके काय वजा होते? पहिल्या तीन प्रश्नांचे उत्तर 'नाही' असेल तर बंध शिथिल झाला आहे. चौथ्या प्रश्नाचे उत्तर 'काहीच नाही' असे असेल तर धूसर थर हा निव्वळ अलंकाराचा भार आहे. मराठी वा संस्कृतच्या अध्यापकाला हे प्रश्न अपरिचित वाटणार नाहीत. कवितेतील प्रतिमांविषयी तो वर्गात हेच विचारत असतो. छायाचित्रणाच्या वर्गात त्याने पाहुणा म्हणून न जाता समीक्षक म्हणून जावे, इतकेच येथे सुचवावयाचे आहे.

समारोप

उपर्युक्त विवेचनावरून काही निष्कर्ष हाती येतात. स्पष्ट आणि धूसर चित्रांचे मिश्रण हे छायाचित्रणाच्या परंपरेला परके नाही. ल ग्रे यांच्या समुद्रदृश्यांपासून फाळके यांच्या दुहेरी एक्स्पोजरपर्यंत एकाहून अधिक चित्रांतून एक चित्र घडविण्याचे प्रयोग सातत्याने झाले आहेत. स्पष्टता म्हणजे सत्य आणि धूसरता म्हणजे असत्य, ही विभागणी टिकणारी नाही. मात्र धूसरतेला स्पष्टतेचा आधार लागतो. दंडीने सुकुमारतेला घातलेली बंधाची मर्यादा आणि समाधीला घातलेली लोकसीमेची अट यांमधून या तंत्राच्या मूल्यमापनाचा एक देशी निकष मिळू शकतो. या निकषानुसार पळसावरचा अल्प धूसर थर ग्राह्य ठरतो, धुवारीवर चढविलेली दुसरी धुवारी निष्फळ ठरते आणि लोणारच्या साक्षीच्या क्षणी मिश्रणाने माघार घेणे उचित ठरते.

वऱ्हाडच्या भूमीची चित्रे आजवर बहुधा दोनच प्रकारांनी बाहेर गेली आहेत : एक दुष्काळाची, भेगाळलेली आणि दुसरी पर्यटनाची, चकचकीत. पहिल्या प्रकारात स्वप्नाला जागा नसते, दुसऱ्यात भूमीला. स्पष्ट आणि धूसर यांचे विवेकाने केलेले मिश्रण या दोहोंमधील वाट दाखवू शकते. येथल्या माणसाला आपल्या शिवाराविषयी स्वप्न पाहण्याचा अधिकार आहेच; पण ते स्वप्न आपल्याच शिवाराचे आहे, हे चित्रावरून ओळखू आले पाहिजे.